रश्श्याच्या डागावर उकळतं पाणी ओतू नका

सांगलीकडं जत्रा म्हटली की मटणाचा रस्सा आला आणि पांढऱ्या शर्टावर डाग पण आलाच, मग घरात कुणीतरी लगेच उकळतं पाणी आणतंय. ते नका करू. कपडे धुण्याच्या पावडरच्या पुड्यावर 'एन्झाइम' लिहिलेलं असेल तर त्यात प्रोटीएज, अमायलेज, लायपेज यातलं काहीतरी असतं, आपल्या पोटात प्रोटीन, स्टार्च, चरबी तोडणाऱ्यांच्याच जातीचं. भाकरीचा घास नुसता चावत राहिलं की गोडसर लागतो ना, ते लाळेतल्या अमायलेजचं काम. शरीरात हे ३७ डिग्रीच्या आसपास चालतं, पावडरीतली जरा दणकट असतात पण उकळत्या पाण्यात त्यांचा आकारच बिघडतो आणि काम संपलं, वर प्रोटीनचा डाग कापडात पक्का बसतो तो वेगळाच.

कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल एवढं, आणि डाग अर्धा तास तरी भिजू दे. नुसतं घासून काय होत नाही, एन्झाइमला वेळ लागतो. ब्लीच त्यात मिसळू नका. रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर यांना ही पावडर अजिबात नको, रेशीम आणि लोकर म्हणजे प्रोटीनच, धागाच खराब होतो.

आता हळद. ती एन्झाइमला दाद देत नाही (हळदीच्या पेठेत राहणाऱ्यांना हे काय सांगायचं). साबण लागला की डाग एकदम लाल होतो, घाबरू नका, धुतला की परत पिवळा. ओला कपडाच कडक उन्हात टाका, एक-दोन उन्हं लागली की फिका पडतो.