संवर्धन-शास्त्रज्ञाची नोकरी स्वीकारण्यापूर्वी: पगाराचा प्रस्ताव कसा वाचावा

संवर्धन-शास्त्रज्ञ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या हाती नोकरीचा प्रस्ताव आला की त्याची नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते आणि मग कामाच्या ठिकाणावर. या क्षेत्रात तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पगार किती काळ मिळेल, तो वाढेल की नाही आणि प्रकल्प मध्येच थांबला तर काय होईल, या प्रश्नांची उत्तरे आकड्यात नसतात. पगाराचा पैसा मुळात कोठून येतो, यावर ती ठरतात. जंगल, पाणथळ जागा, माती किंवा एखादी दुर्मीळ प्रजाती वाचवण्याच्या कामातून विकण्याजोगे उत्पादन क्वचितच निघते. त्यामुळे हा पैसा प्रामुख्याने तीन वाटांनी येतो: सरकारी तिजोरीतून, देणगीदारांच्या अनुदानातून किंवा कायद्याने भाग पाडल्यामुळे उद्योगांना कराव्या लागणाऱ्या खर्चातून. प्रत्येक वाटेने येणाऱ्या नोकरीचे स्वरूप निराळे असते आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे प्रश्नही निराळे असतात.

सरकारी नोकरी

सरकारी वाट सर्वांत जुनी आणि सर्वांत पारदर्शक आहे. अमेरिकेत 1930च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतजमिनी उद्ध्वस्त होऊ लागल्यावर 1933मध्ये जमिनीच्या धुपीवर काम करणारी संघराज्य यंत्रणा उभी राहिली, 1935मध्ये तिचे मृदा संधारण सेवेत रूपांतर झाले आणि 1994मध्ये तिला नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा हे आजचे नाव मिळाले. तेथील मृदा संधारण तज्ज्ञ, वन्यजीव जीवशास्त्रज्ञ, परिसंस्थातज्ज्ञ आणि वनतज्ज्ञ यांची पदे ‘जीएस’ या वेतनश्रेणीत मोडतात. या श्रेणीत 15 स्तर आणि प्रत्येक स्तरात 10 टप्पे आहेत. पदवीधर सर्वसाधारणपणे पाचव्या स्तरावर, उत्तम गुणवत्तेचा पदवीधर सातव्या, पदव्युत्तर उमेदवार नवव्या आणि पीएचडीधारक अकराव्या स्तरासाठी पात्र ठरतो. पहिल्या तीन टप्प्यांवर दर वर्षाला, पुढील तीन टप्प्यांवर दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी बढतीविना वाढ मिळते. याशिवाय कामाच्या प्रदेशानुसार वेतनात भर पडते. अर्ज करण्यापूर्वीच पुढील दहा वर्षांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता यावा, ही सोय या क्षेत्रात दुर्मीळ आहे. ज्या देशात अशी जाहीर वेतनश्रेणी असेल, तेथे ती आधी मिळवावी आणि खासगी संस्थेचा प्रस्ताव हाती आला तरी तुलनेसाठी तीच मोजपट्टी म्हणून वापरावी.

तथापि ‘सरकारी’ या एका शब्दावर समाधान मानू नये. पद स्थायी आहे, मुदतीचे आहे की हंगामी आहे, आणि परिवीक्षेचा काळ किती आहे, हे लेखी विचारून घ्यावे. अमेरिकी उद्याने आणि वनखात्यातील अनेक तात्पुरत्या हंगामी नेमणुका वर्षाला 1,040 तासांच्या आत ठेवल्या जातात. आठवड्याला 40 तासांच्या हिशेबाने हे काम जेमतेम सहा महिन्यांचे होते. परिवीक्षेचा मुद्दाही केवळ औपचारिक नाही. फेब्रुवारी 2025मध्ये त्याच देशाच्या वनसेवेतील आणि राष्ट्रीय उद्यान सेवेतील परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना हजारोंच्या संख्येने कामावरून कमी करण्यात आले. नव्याने रुजू झालेल्यांबरोबरच नुकतीच बढती घेऊन किंवा पद बदलून पुन्हा परिवीक्षेत गेलेले अनुभवी लोकही अशा निर्णयाच्या कक्षेत येऊ शकतात. म्हणून बढती स्वीकारतानाही हा प्रश्न विचारावा.

अनुदानावरील नोकरी

निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांपैकी आययूसीएनची स्थापना 1948ची आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची 1961ची. अशा मोठ्या संस्थांपासून एखाद्याच नदीखोऱ्यात काम करणाऱ्या लहान संस्थांपर्यंत बहुतेकांचे वैज्ञानिक प्रकल्पांच्या अनुदानावर नेमलेले असतात. संस्थेचे वय आणि नाव कितीही मोठे असले तरी तुमची नोकरी संस्थेइतकी टिकाऊ नसते, ती त्या अनुदानाइतकीच टिकते. म्हणून मुलाखतीत पुढील गोष्टी नम्रपणे, पण नेमक्या शब्दांत विचाराव्यात: माझा पगार कोणत्या अनुदानातून निघणार आहे, ते कोणत्या तारखेला संपते, मुळात किती मुदतीचे होते आणि पैकी किती उरले आहे, देणगीदार एकच आहे की अनेक, आणि अनुदान संपल्यावर या पदासाठी संस्थेने स्वतःच्या राखीव निधीतून काही तरतूद केली आहे काय. तीन वर्षांच्या प्रकल्पात अडीच वर्षांनी रिक्त झालेले पद आणि पहिल्याच महिन्यात निर्माण झालेले पद यांची जाहिरात शब्दशः सारखी असू शकते.

देणगीदार एकच असण्याचा धोका 2025मध्ये जगाने पाहिला. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली, जुलैपासून यूएसएआयडी या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेने ती राबवणेही थांबवले आणि त्या पैशावर चालणारे अनेक खंडांतील संवर्धन प्रकल्प अडचणीत आले. त्या प्रकल्पांवरील लोकांच्या कामात काही उणे होते म्हणून हे घडले नाही. अशा वेळी करारात पूर्वसूचनेचा कालावधी किती दिवसांचा लिहिला आहे आणि निधी थांबल्यास संस्था तो पाळण्यास बांधील आहे की नाही, एवढाच आधार उरतो. हे कलम सही करण्यापूर्वी शोधून वाचावे. ते नसेल तर घालण्यास सांगावे.

येथे एका शब्दप्रयोगाबाबत सावध राहावे. ‘प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आहे’ असे आनंदाने सांगितले जाते, तेव्हा ती अतिरिक्त निधीसह आहे काय, हे विचारावे. पुष्कळदा देणगीदार केवळ वेळ वाढवून देतो, पैसा तोच राहतो. मग बारा महिन्यांचा उरलेला पगार अठरा महिन्यांवर ताणला जातो किंवा पूर्ण वेळेचे पद गाजावाजा न करता अर्धवेळ होते.

कायद्यामुळे निर्माण होणारी नोकरी

तिसरी वाट सल्लागार कंपन्यांची. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा 1 जानेवारी 1970 रोजी अमलात आला आणि पुढे अनेक देशांनी मोठ्या बांधकामांपूर्वी पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले. त्यातून प्रजातींची आणि अधिवासांची पाहणी करणाऱ्यांची कायमची गरज निर्माण झाली. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024पासून बहुतेक मोठ्या विकासप्रकल्पांना जैवविविधतेत किमान 10 टक्के निव्वळ भर दाखवणे सक्तीचे झाले. आधीची स्थिती मोजल्याशिवाय भर दाखवता येत नसल्याने परिसंस्थातज्ज्ञांना तेथे मागणी आहे.

या कंपन्यांत पगार सहसा स्वयंसेवी संस्थांपेक्षा बरा असतो, पण कामाचा भार ऋतूंवर चालतो. इंग्लंडमध्ये तुरेवाल्या न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची पाण्यातील पाहणी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि वटवाघळांची सायंकालीन पाहणी मे ते सप्टेंबर या काळात होते. म्हणजे उन्हाळ्यात रात्री-अपरात्रीचे काम आणि हिवाळ्यात अहवाल. त्यामुळे रात्रीच्या कामाचा मोबदला मिळतो की बदली रजा मिळते, आणि ती रजा प्रत्यक्षात घेता येते काय, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. व्यवस्थापनाचे उत्तर येथे पुरेसे नसते. दुसरा प्रश्न अहवालाचा. पैसा प्रकल्प उभारणाऱ्याकडूनच येत असल्याने गैरसोयीचा निष्कर्ष सौम्य करण्याचा आग्रह होऊ शकतो. अंतिम मसुद्यावर सही कोणाची असते आणि तज्ज्ञाच्या संमतीविना त्यात बदल होतात काय, हे मुलाखतीतच विचारणारा उमेदवार कोणाला आगाऊ वाटला, तरी ती किंमत मोजण्यासारखी आहे.

विद्यापीठांतील नेमणुका थोडक्यात सांगता येतील. पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम बहुतेक ठिकाणी सरकारी दराने बांधलेली असते. भारतात कनिष्ठ संशोधन अधिछात्राला 1 जानेवारी 2023पासून दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ अधिछात्राला 42,000 रुपये, अधिक घरभाडे, असा दर आहे. ब्रिटनच्या यूकेआरआय या संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेचा 2025-26 या वर्षाचा किमान दर 20,780 पौंड आहे. अशा ठिकाणी रकमेवर घासाघीस करण्यात अर्थ नसतो. रक्कम किती महिन्यांनी आणि किती नियमितपणे हाती पडते, हे मात्र त्याच प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांकडून जरूर जाणून घ्यावे.

आकड्याची फोड

पैशाचा उगम समजल्यानंतर आता आकडा हाती घ्यावा. समजा, दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात दरमहा 60,000 मिळतात, पण करार नऊ महिन्यांचा आहे. दुसऱ्यात दरमहा 50,000 मिळतात आणि करार दोन वर्षांचा आहे. पहिल्याची वर्षाची बेरीज 5,40,000 होते, म्हणजे प्रत्यक्ष मासिक उत्पन्न 45,000. पुढचे काम मिळेपर्यंतचे तीन महिने रिकामे जातील, हे यात गृहीत धरले आहे आणि ते अवास्तव नाही. शिवाय नऊ महिन्यांचा करार बहुधा पाहणीच्या हंगामाभोवती आखलेला असतो. विदेचे (गोळा केलेल्या माहितीचे) विश्लेषण आणि अहवालाचे लेखन करार संपल्यावर, बिनपगारी, घरी बसून होते, आणि शोधनिबंधात नाव हवे असल्याने कोणी तक्रार करत नाही. म्हणून विश्लेषण आणि लेखनाचे किमान दोन महिने करारातच धरले आहेत काय, हे तपासावे.

यानंतर वजाबाक्या कराव्यात. क्षेत्रस्थळी निवास आणि जेवण कोण देते, स्वतःचे वाहन वापरावे लागते काय, दुर्बीण, कॅमेरा आणि संगणक कोणाचा, प्रवासभत्ता आगाऊ मिळतो की बिले सादर केल्यावर काही महिन्यांनी, हे सारे खर्च पगारातून जात असतील तर ते पगारातून वजाच करावेत. विमा हा स्वतंत्र विषय आहे. नेहमीचा आरोग्यविमा रुग्णालयात पोहोचल्यानंतर उपयोगी पडतो. सर्पदंश झालेल्या किंवा कड्यावरून पडलेल्या माणसाला दुर्गम भागातून बाहेर काढण्याचा खर्च त्यात असतोच असे नाही. तो कोण करणार, हे लेखी असावे. हेच संरक्षण स्थानिक मार्गदर्शकांना आणि क्षेत्रसहायकांना आहे काय, हेही विचारावे. संस्था आपल्या माणसांकडे कसे पाहते, हे त्या उत्तरातून पगारपत्रकापेक्षा अधिक कळते.

परवान्यांकडेही दुर्लक्ष करू नये. संरक्षित क्षेत्रात काम करण्यासाठी वनविभागाची किंवा तत्सम खात्याची परवानगी लागते आणि ती मिळण्यास महिनेच्या महिने जाऊ शकतात. परवाना येण्यापूर्वीच करार सुरू झाला तर वाट पाहण्यातच निधी संपतो. परवाना येईपर्यंत करारच सुरू होणार नसेल तर उमेदवार विनावेतन अडकून राहतो. परवाना हाती आहे, अर्ज केला आहे की अजून अर्जही व्हायचा आहे, या तीन स्थितींत मोठा फरक आहे.

विनावेतन काम

या व्यवसायात सुरुवातीला फुकट राबण्याची, कधी तर पैसे भरून राबण्याची अपेक्षा सर्रास केली जाते. मी ती अन्यायकारक मानतो, कारण ज्यांच्या घरी पोसण्याची ऐपत आहे तेच अशा अटींवर टिकतात आणि बाकीचे कितीही हुशार असले तरी गळतात. सरसकट नकार देण्यापूर्वी मात्र एक कसोटी लावावी: तुम्ही हे काम केले नाही, तर संस्थेला त्यासाठी पगारी माणूस नेमावा लागेल काय? उत्तर ‘हो’ असेल तर ती नोकरी आहे आणि तिला वेतन मागावे. सुटीच्या दिवशी पक्षिगणनेत भाग घेणे या कसोटीत बसत नाही. सहा महिने रोज कॅमेरा ट्रॅपची (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) छायाचित्रे वर्गीकृत करणे निश्चितच बसते. तरीही स्वीकारायचेच ठरवले, तर मुदत, शिकायला मिळणारे कौशल्य आणि निवास-प्रवासाचा खर्च या तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात.

मोबदला वाढवणारी कौशल्ये आणि वाटाघाटी

प्राण्यांविषयी आत्मीयता सगळ्याच अर्जदारांकडे असते, त्यामुळे तिला बाजारभाव नाही. सांख्यिकी, ‘आर’सारख्या संगणकीय भाषेतील विश्लेषण, जीआयएस (नकाशांवर आधारित संगणकीय माहितीप्रणाली) आणि उपग्रहचित्रांचे वाचन ही कौशल्ये संवर्धनाबाहेरही विकली जातात, म्हणून त्यांना या क्षेत्रातही चांगला दर मिळतो. दुसऱ्या टोकाला, गवते, शेवाळे, दगडफूल, पतंग अशा दुर्लक्षित गटांची ओळख पटवू शकणारी माणसे इतकी थोडी असतात की पाहणीच्या हंगामात त्यांना शोधत लोक येतात. तरीही माझ्या मते सर्वांत वजनदार कौशल्य अनुदानाचा अर्ज लिहिणे आणि त्याचे अंदाजपत्रक सांभाळणे हे आहे, कारण पैसा आणणाऱ्या माणसाचा पगार कोणावर उपकार म्हणून ठरत नाही. पीएचडी ही स्वतंत्र संशोधनाच्या आणि अध्यापनाच्या पदांसाठी आवश्यक आहे. सल्लागार कंपन्यांत आणि अनेक क्षेत्रीय पदांवर पदव्युत्तर पदवी आणि अनुभव पुरतो. केवळ पगारवाढीसाठी चार-पाच वर्षे त्यात घालण्यापूर्वी हव्या असलेल्या पदांच्या जाहिराती गोळा करून त्यांतील किमान पात्रता वाचावी.

वाटाघाटीची योग्य वेळ म्हणजे लेखी प्रस्ताव आल्यानंतर आणि होकार देण्यापूर्वीची. अमेरिकी संघराज्य सेवेत तर असाधारण पात्रतेच्या आधारावर पहिल्याऐवजी वरच्या टप्प्यावर नेमणूक मागण्याची सोय रुजू होण्यापूर्वीच असते, नंतर ती मिळत नाही. स्वयंसेवी संस्था ‘अंदाजपत्रक ठरलेले आहे’ असे सांगते, तेव्हा ते बहुधा खरे असते. मात्र अनेक देणगीदार एका शीर्षावरील रक्कम मर्यादित प्रमाणात दुसऱ्याकडे वळवू देतात. म्हणून मूळ वेतन वाढत नसेल तर कराराचे महिने, क्षेत्रभत्ता, विमा, प्रशिक्षणाचा खर्च किंवा पदनाम यांवर बोलावे. पदनाम क्षुल्लक समजू नये. ‘सहायक’ आणि ‘शास्त्रज्ञ’ यांतील फरक पुढच्या नोकरीचा स्तर ठरवतो.

करारावर सही करताना विदेवरील हक्क आणि शोधनिबंधांतील लेखकपणाचा क्रम यांविषयी एक परिच्छेद मागून घ्यावा. पुढील नोकरीचा शोध करार संपण्याच्या सहा महिने आधी सुरू करावा आणि त्यासाठी लागणारी नोंद, म्हणजे कोणत्या पद्धतीने, कोणत्या प्रजातींवर, किती तास क्षेत्रकार्य केले याचा हिशेब, पहिल्या आठवड्यापासून ठेवावी, कारण अनेक परवाने आणि व्यावसायिक सदस्यत्वे नेमका हाच हिशेब मागतात.