टायरोन घेऊन इंग्लंडला पुरून कसं उरायचं

आपल्याइकडं युरोपा युनिव्हर्सालिस ४ ही देश चालवायची कॉम्प्युटर गेम लावली की सगळे डायरेक्ट ओटोमन नाहीतर फ्रान्स घेऊन बसतात, लईच झालं तर बहामनी, का तर बिदर आपल्या शेजारी. मोठ्या देशात मजा लवकर संपते हो. एकदा आयर्लंडातलं टायरोन घेऊन बघा, ११ नोव्हेंबर १४४४ ला गेम सुरू, मूठभर सैन्य, तिजोरीत खडखडाट आणि डब्लिनात इंग्लंड ठाण मांडून.

गेम पॉजवर असतानाच दोस्त शोधा. इंग्लंडचा जो वैरी तो आपला, म्हणून स्कॉटलंडसोबत आधी संबंध वाढवा. फ्रान्स एवढ्याशा देशाला सहसा विचारत नाही, तिथं डिप्लोमॅट झिजवू नका. मग ज्याच्या मागं कुणीच नाही असा शेजारचा आयरिश सरदार बघून उचला. पण लगेच दुसऱ्यावर धावू नका, कोअर होऊ द्या, म्हणजे जिंकलेला प्रांत पक्का आपला होऊ द्या, ओव्हरएक्स्टेन्शन (पक्क्या न झालेल्या प्रांतांचा बोजा) १०० टक्क्यांवर गेलं की बंडं सुरू, आणि अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन (मुलूख बळकावल्याचा शेजाऱ्यांना येणारा राग) फार वाढलं की बाकीचे सरदार युती करून तुमच्यावरच येतात.

पैसा कसा वाचवायचा? शांतता असली की सैन्याच्या खर्चाचा स्लायडर खाली ओढा. फक्त लढाईच्या काही महिने आधी परत वर न्या, मोराल, म्हणजे सैन्याची हिंमत, एका दिवसात चढत नाही, नाहीतर पोरं पहिल्याच धडकेत पळतात. आणि ऑटोसेव्ह जवळजवळचा ठेवा, उन्हाळ्यात लाईटचा काय भरोसा.

आता ते सेल्टिकचं. लई जण म्हणायलेत, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्सच्या टोकाचं ब्रिटनी जोडून सेल्टिक साम्राज्य करू. करा की, पण १४४४ चा टायरोनचा सरदार ओ'नील स्वतःला सेल्ट म्हणवत नव्हता, त्याला आपलं घराणं आणि अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तर भाग, एवढंच. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एकाच सेल्टिक कुळातल्या हे एडवर्ड ल्हुइड नावाच्या वेल्श माणसानं १७०७ ला मांडलं, सेल्टिक म्हणून अभिमान त्याच्याही नंतरचा. उलट दक्षिण आयर्लंडातल्या डेसमंडचे फिट्झजेराल्ड मुळात नॉर्मन, बाहेरून आलेले, आणि असे लोक तिथं एवढे मिसळले की १३६६ ला किलकेनीत कायदाच करावा लागला, इंग्रजांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिशांशी सोयरीक करायची नाही. कायद्यानं काय थांबतंय, निजामाच्या राज्यात दरबार उर्दूत आणि घरात मराठी हे १९४८ पर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांनी बघितलंच की. म्हणून प्रत्येक प्रांताचं कल्चर बदलायच्या नादात डिप्लो पॉइंट (गेममधले राजनैतिक गुण) उधळू नका, ते टेक्नॉलॉजीला लागतात.

डब्लिनसाठी मात्र दम धरा. हेरांचं जाळं विणून क्लेम, म्हणजे प्रांतावरचा दावा, तयार ठेवा आणि इंग्लंड फ्रान्सात अडकलं नाहीतर घरच्या यादवीत गुंतलं की मगच घुसा. डब्लिन घेऊन तिथंच बसा, वॉरस्कोर (युद्धात कोण किती पुढं त्याचा आकडा) आपोआप चढत राहतो, लंडनचा मोह नको. तहात फक्त डब्लिन मागा, कारण त्यांचं आरमार मोकळं झालं की सैन्य उतरलंच म्हणून समजा.