क्योतोत संध्याकाळी गिओन (गेइशांची जुनी वस्ती) पाहायचं तर चढावरून उताराकडे या

बहुतेक जण गिओन-शिजो स्टेशनवर उतरून वर चढायला लागतात. उलट करा. कियोमिझु मंदिराजवळच्या सान्नेनझाकापासून सुरुवात केली की दगडी पायऱ्या उतरत निनेनझाका, मग यासाका मंदिर, हानामिकोजी रस्ता आणि शेवटी शिराकावाचा कालवा असा दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता होतो. स्टेशन तिथून जवळच, त्यामुळे तुडुंब भरलेल्या बसची वाट पाहत बसावं लागत नाही.

सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा. डिसेंबरात तो पावणेपाचलाच होतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. खरेदी आधी उरका. वरची दुकानं पाच-सहाला शटर ओढतात. यासाका मंदिराचं आवार मात्र रात्रभर उघडं असतं, आणि तिथल्या नृत्यमंचाभोवतीचे कागदी कंदील अंधारातच खरे खुलतात.

घोळ होतो तो फोटोंवरून. हानामिकोजीलगतच्या खासगी गल्ल्यांत शिरायला बंदी आहे. फलकावर 10,000 येन दंड लिहिलेला असतो. इशिबेकोजी या गल्लीतही कॅमेरा बंद. माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, साधारण साडेपाच-सहाला कामावर निघतात. सुमारे 10 सेंटीमीटर उंच लाकडी खडावा (ओकोबो) घालूनही त्या झपाझप चालतात, म्हणून वाट अडवू नका, किमोनोला हात तर नाहीच.

पाऊस पडून गेला असेल तर जायलाच हवं, ओल्या फरशीवर दिवे उतरतात. पण पायऱ्या निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा, रस्त्यात कुंड्या फारशा सापडत नाहीत.