सगळे जिवाणू ग्लुकोज आधी खातात असं कुणी सांगितलं? या चुका टाळा

उन्हाळा आला की एमएस्सी प्रोजेक्टवाली पोरं मातीतला जिवाणू घेऊन येतात. जिवाणू दरवर्षी नवा, चुका त्याच.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे ई. कोलायचा, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूचा, धडा मातीतल्या जिवाणूला लावणं. ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, मग लॅक्टोजकडे वळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनोचा वाढीचा तो दोन पायऱ्यांचा आलेख सगळ्यांना पाठ असतो. मातीतल्या सूडोमोनास पुतिडाचं नेमकं उलटं. सक्सिनेट (एका सेंद्रिय आम्लाचा क्षार) आणि ग्लुकोज एकत्र दिलं तर तो आधी सक्सिनेटवर पडतो. ताटातली जिलेबी तशीच ठेवून शेंगाचटणीला हात घालणारा पक्का सोलापूरकर! मुळांतून सेंद्रिय आम्लं झिरपतात, तिथंच याचं बिऱ्हाड. आवडतं अन्न असेपर्यंत सीआरसी आणि एचएफक्यू ही प्रथिनं इतर अन्न पचवणाऱ्या जनुकांच्या एमआरएनएला (प्रथिन बनवायच्या निरोपाला) धरून बसतात, म्हणून त्यांची प्रथिनं बनत नाहीत. अन्न संपत आलं की सीआरसीझेड आणि सीआरसीवाय हे छोटे आरएनए वाढून एचएफक्यूला स्वतःकडे ओढतात, आणि वाट मोकळी होते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातला, किंग्ज बी प्लेटवर (सूडोमोनास ओळखायच्या माध्यमावर) हिरवट चमकणारा एक जिवाणू एका मुलीकडे होता. सक्सिनेट आणि ग्लुकोज दोन्ही दिलेलं; ओडी (गढूळपणा, म्हणजे जिवाणूंची वाढ) चढतेय, ग्लुकोज मात्र जागचं हलत नाही. "मॅडम, लेबलं उलटी लागली असणार," म्हणत तिनं दोन आठवड्यांचे आकडे फाडून टाकले, आणि मग मला विचारायला आली. प्रोजेक्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट कचऱ्याच्या डब्यात गेली होती. तेव्हापासून माझ्याकडे वहीचं पान फाडायला बंदी आहे.

दुसरी चूक घाईची: रात्रभर एलबीत (अमिनो आम्लांनी भरलेल्या पौष्टिक माध्यमात) वाढवलेलं कल्चर थेट मिनिमल मीडियात (मोजक्या क्षारांच्या आणि ठरवून दिलेल्या अन्नाच्या माध्यमात) ओतणं. एलबीतली अमिनो आम्लंही सक्सिनेटसारखीच इतर अन्नाची जनुकं दाबून ठेवतात. "पेशी धुऊन एलबी काढलं का?" विचारलं की "एकदा" असं उत्तर येतं. मी दोनदा धुते आणि आदल्या रात्रीचं कल्चरही मिनिमलमध्येच वाढवते. एक दिवस जास्त जातो, जाऊ दे.

ग्लुकोज बाकी मीडियाबरोबर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) करू नका, पिवळं पडतं, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून वेगळं घाला. सक्सिनिक आम्ल वापरताय? आधी पीएच 7 वर आणा.

आणि मे महिन्यात साधा इन्क्युबेटर (जिवाणू वाढवायची ठरावीक तापमानाची पेटी) 30 अंशांवर लावून निर्धास्त घरी जाऊ नका. तो फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच 40 वर असेल तर आत 30 कुठून येणार? गारही करणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये जागा मिळवा, त्यासाठी भांडावं लागलं तरी चालेल.