फेलओव्हरनंतर एसएफटीपी अडू नये म्हणून

एसएफटीपीने (एसएसएचवरून सुरक्षितपणे) फाइल्स घेणाऱ्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरच्या जोडीत, पहिला नोड (सर्व्हर) बंद पडतो, व्हर्च्युअल आयपी (क्लायंट ज्यावर जोडतात तो सामायिक पत्ता) बिनबोभाट दुसऱ्यावर जातो (हाच फेलओव्हर), आणि तरीही फाइल्स येणं बंद! कारण बहुतेक वेळा एकच: दोन्ही नोडच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या की) वेगळ्या. समोरच्या क्लायंटला वाटतं सर्व्हरच बदलला, आणि तो जोडणी नाकारतो. माणूस असेल तर निदान फोन तरी करतो. रात्री चालणारी स्क्रिप्ट नुसतीच फेल होते.

उपाय (लिनक्स, ओपनएसएसएच):

१. सध्या चालू असलेल्या नोडवरच्या सगळ्या होस्ट की, खाजगी आणि सार्वजनिक दोन्ही, राखीव नोडवर कॉपी करा. उलट दिशेने नको, कारण क्लायंटनी चालू नोडचीच की लक्षात ठेवलेली असते.
२. खाजगी कीची मालकी रूटकडे आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. परवानगी सैल असली तर एसएसएच सेवा ती की वापरतच नाही.
३. राखीव नोडवर एसएसएच सेवा रीस्टार्ट करा. मग प्रत्येक नोडच्या स्वतःच्या आयपीवर जोडून फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण) दोन्हीकडे तीच आहे का ते ताडून पाहा.

डिस्क सामायिक असेल तर यूजर आयडी आणि ग्रुप आयडीचे आकडेही दोन्हीकडे तेच हवेत. नावं सारखी असून भागत नाही. फाइलवर मालक म्हणून आकडाच नोंदलेला असतो.

खाजगी की ईमेलने किंवा चॅटवर पाठवू नका. एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) थेट न्या, आणि मधे कुठे तात्पुरती प्रत ठेवली असेल तर लगेच पुसा.