रेडिओवरच्या जॅझची श्रवणबैठक घरी कशी भरवावी

कोल्हापुरात जॅझची बैठक भरवायची म्हटले की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, भारी स्पीकर घ्या. दुसरा, आधी जॅझचा इतिहास वाचून काढा. दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. मोबाइलला जोडलेला एक बरा स्पीकर, न अडखळणारे इंटरनेट आणि भांडायला तयार असलेली चार-पाच माणसे एवढ्यावर काम भागते. खोली राजारामपुरीतली असो वा मंगळवार पेठेतली, रस्त्याकडची खिडकी तेवढी बंद करावी. भडंग आणि चहा ऐकून झाल्यावर द्यावा, कारण भडंगाच्या कुरकुरीत ड्रमवर हलके फिरणारे ड्रमरचे तारांचे ब्रश ऐकू येत नाहीत.

गाण्यांच्या अ‍ॅपऐवजी रेडिओ कशासाठी, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. अ‍ॅपवर आपण आधी कलावंताचे नाव लिहितो आणि मग ऐकतो. जॅझच्या जाणत्या निवेदकांची पद्धत अशी की, तीन-चार रचना सलग लावायच्या आणि कोण वाजवत होते ते नंतर सांगायचे. पुढे सांगितलेली सगळी रीत या उलट्या क्रमावर उभी आहे. त्यामुळे निवेदकाविना अखंड वाजणारी स्टेशने घरकामाच्या वेळी लावायला ठीक आहेत, बैठकीला त्यांचा उपयोग नाही.

स्टेशने दोन पुरतात. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूकेसीआर आणि शेजारच्या न्यूअर्क शहरातले डब्ल्यूबीजीओ ही दोन्ही इंटरनेटवर मोफत ऐकता येतात. शेकडो स्टेशनांच्या याद्या पाठवणाऱ्यांचे आभार मानावेत आणि याद्या पुसून टाकाव्यात. घरातल्या एखाद्या आजोबांनी 1955 साली सुरू झालेला व्हॉइस ऑफ अमेरिकेवरचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम शॉर्टवेव्हच्या खरखरीतून ऐकलेला असेल, तर त्यांना बैठकीत मानाची जागा द्यावी; खराब आवाजातून वादक ओळखायची सवय त्यांच्या कानाला आधीच लागलेली असते.

वेळेचे गणित एकदा नीट समजून घ्यावे. आपण न्यू यॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळी वेळेत साडेनऊ तास पुढे असतो. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, म्हणून एकच सकाळचा कार्यक्रम ऑगस्टात आपल्याकडे संध्याकाळी सहाला लागत असेल तर डिसेंबरात सातला लागतो. लंडनचे स्टेशन लावणार असाल तर तिथला बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, हे वेगळे लक्षात ठेवावे. पहिल्या बैठकीसाठी सर्वांत सोयीचे दिवस ऑगस्टच्या अखेरीस येतात. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचा जन्म 27 ऑगस्ट 1909 चा आणि सॅक्सोफोनवादकच असलेल्या चार्ली पार्कर यांचा 29 ऑगस्ट 1920 चा. त्या निमित्ताने डब्ल्यूकेसीआर या दोघांचे संगीत तीन दिवस अखंड लावण्याची प्रथा पाळत आले आहे. न्यू यॉर्कची मध्यरात्र म्हणजे तेव्हा आपली सकाळचे साडेनऊ.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. बैठक फसते ती ऐकणे संपून बोलणे सुरू होते तेव्हा. निवेदकाने नाव सांगितले, की खोलीतला जाणकार ‘हा तर देवमाणूस’ म्हणतो, दुसरा त्याच्यावर दुसऱ्या नावाने चढाई करतो, आणि नुकतेच ऐकलेल्या वाजवण्याबद्दल कोणी एक अक्षर बोलत नाही. आमच्या बैठकांची गाडी याच ठिकाणी वारंवार रुतत असे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी राहिले त्या या गावात दोन आवर्तनांत घराणे ओळखणारे कान पूर्वीपासून आहेत, पण घराणे सांगून टाकले की वाद संपला, असे मानण्याची खोडही त्याच कानांना आहे. जॅझमध्ये ती खोड पहिल्या दिवसापासून मोडावी लागते.

म्हणून नियम असा करावा. एकाच माणसाने स्टेशनचे पान उघडून रचनेचे आणि वादकाचे नाव पाहावे आणि तोंड बंद ठेवावे. बाकीच्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. निवेदक बोलू लागण्याच्या बेतात असला की आवाज बंद करावा, आणि प्रत्येकाने कागदावर आपला अंदाज व त्याचे कारण लिहावे. कारण नसलेला अंदाज बरोबर आला तरी तो बाद धरावा. ही अट जाचक वाटते, पण ती सैल केली की बैठकीची प्रश्नमंजुषा होते, आणि मग जास्त तबकड्या जमवलेला माणूस दर वेळी जिंकतो. ‘छान वाजवले’, ‘भाव होता’ ही कारणे स्वीकारू नयेत.

कारण शोधायचे कुठे, तर आधी स्वराच्या पोतात. टेनर सॅक्सोफोन जाड, भरदार कंपनासह वाजत असेल आणि प्रत्येक स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यात (कॉर्डमध्ये), उतरून त्याचे कोपरे धुंडाळत असेल, तर कोलमन हॉकिन्स यांचा विचार करावा; तोच सॅक्सोफोन हलका, जवळजवळ कंपनाशिवाय आणि मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत असेल, तर लेस्टर यंग यांचा. सुराच्या शेवटी नुसता श्वास ऐकू येत असेल तर बेन वेब्स्टर असण्याचा संभव मोठा. ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात बसवलेल्या, आवाज दाबणाऱ्या धातूच्या हार्मन म्यूटमधून आवाज बारीक, जवळून आल्यासारखा आणि कंपनरहित येत असेल, आणि वादक वाजवतो त्याहून जास्त थांबत असेल, तर माइल्स डेव्हिस. ऑल्टो सॅक्सोफोनवर आपल्या मींडेसारखी लांब घसरण ऐकू आली की जॉनी हॉजेस म्हणावे. पियानोवर शेजारच्या पट्ट्या मुद्दाम एकत्र दाबल्यासारखे आघात आणि मध्ये मोठ्या मोकळ्या जागा असल्या की थेलोनियस मंक. डावा हात गिटारीच्या ठोक्यांसारखा नियमित आणि उजवा जरा उशिरा येणारा असला की एरोल गार्नर. मुंबईत 1978 साली पहिल्या जॅझ यात्रेत सॉनी रॉलिन्स वाजवून गेले. ते ऐकलेले ज्येष्ठ कोणी बैठकीत असतील तर प्रत्येक दमदार टेनर त्यांना रॉलिन्सच वाटतो, एवढी सूट द्यावी.

पोतानंतर आवर्तन पकडावे, आणि इथे ख्यालाची सवय कामी येते. पुष्कळ जुन्या रचना बत्तीस बारच्या असतात; बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट, बहुधा चार मात्रांचा. आठ-आठ बारचे चार भाग, त्यांतला पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचा, तिसरा निराळा. चार मात्रांच्या बाराने हे एकशे अठ्ठावीस मात्रांचे आवर्तन होते. ब्लूज हा जॅझमधला दुसरा नेहमीचा साचा बारा बारचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचा. वादक कितीही दूर गेला तरी खालची स्वरसंघांची साखळी तशीच फिरत राहते, आणि तो फेरा संपतो ती आपली सम धरावी. हाताने मात्र पहिल्या मात्रेवर टाळी देऊ नये. ड्रमरच्या पायाखालचे हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. टाळी तिथे द्यावी. तीनतालात वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जाते. तरीही आग्रह सोडू नये, कारण टाळी जागेवर बसेपर्यंत वादक मात्रेच्या पुढे आहे की मागे, हे कळतच नाही आणि लेस्टर यंग यांच्याबद्दलचे सगळे बोलणे ऐकीव राहते.

नाव उघड झाल्यावरच आवडीनिवडीचा वाद काढावा, आणि तो त्याच रचनेपुरता ठेवावा. यंग आवडतात की पार्कर, असा प्रश्न विचारू नये. पार्करनी तरुणपणी यंग यांचे तबकडीवरचे एकल वादन घोटून पाठ केले होते, तेव्हा या दोन रचनांत ते कुठे ऐकू येते, असे विचारावे. ज्याला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे वाजवणे सोसत नाही त्याने तसे स्पष्ट सांगावे, पण कोणत्या क्षणी कान मिटावेसे वाटले तेही सांगावे. ‘हळूहळू आवडेल’ असे त्याला समजावणाऱ्याला मी माझ्या बैठकीत लगेच थांबवतो. नावड कारणासकट आली की ती आवडीइतकीच उपयोगी असते.

कागद एका वहीत तारखेसह चिकटवून ठेवावेत. पुढच्या वेळी तोच वादक लागला की जुना कागद काढून मोठ्याने वाचावा. ज्याचे मत बदलले असेल त्याला पुढच्या बैठकीचे स्टेशन निवडण्याचा हक्क द्यावा. तासाभरानंतर कान थकतात आणि अंदाज ढिसाळ होतात, तेव्हा रेडिओ बंद करून भडंग बाहेर काढावे.