भोवळ येतेय असं वाटलं की आधी आडवे व्हा

रक्तदान शिबिरांत मी बरीच वर्षं मदतीला जातो. एकदा रक्त देऊन उठलेला एक तरुण प्रमाणपत्रासाठी रांगेत उभा होता. त्याला एक जांभई आली, पाठोपाठ दुसरी. वरच्या ओठावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले. "काका, तुमचा आवाज लांबून येतोय," एवढंच म्हणाला आणि त्याचे गुडघे लटपटले. दोन मित्रांनी धावत येऊन त्याला बखोटीला धरून उभंच ठेवलं. माया खरी, पण उपाय नेमका उलटा. सतरंजीवर आडवं करून पाय खुर्चीवर ठेवले, तेव्हा मिनिटभरात त्याच्या गालांवर रंग परतला.

आडवं होणं इतकं का महत्त्वाचं? आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. आपल्याला पत्ता न लागू देता ते सावरण्याचं काम स्वायत्त चेतासंस्था करते. मानेतल्या मोठ्या धमनीतले दाब ओळखणारे संवेदक मेंदूला खबर देतात, या संस्थेची शरीराला सज्ज करणारी अनुकंपी बाजू रक्तवाहिन्या आवळते आणि ठोके वाढवते. पण रक्त पाहणं, सुई, वेदना, कोंदट गर्दी, उपाशीपोटी ताटकळत उभं राहणं अशा वेळी काहींच्या शरीरात हा कारभार अचानक उलटतो. व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणारी एक नस, हृदयाचे ठोके मंदावते, त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात. दाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. डॉक्टर याला व्हॅसोव्हेगल सिंकोप म्हणतात. खाली पडणं हा एका अर्थी शरीराचाच इलाज आहे, कारण आडव्या शरीरात रक्ताला मेंदूपर्यंत चढ चढावा लागत नाही.

म्हणून पहिली पायरी: इशारा ओळखा. मळमळ, जांभया, थंड घाम, कानात दडे, डोळ्यांपुढे अंधारी. बहुतेकांना काही सेकंद तरी मिळतात. ते लोक काय म्हणतील या विचारात घालवू नका. आरतीच्या गर्दीत असलात तरी जागच्या जागी खाली बसा, जमलं तर झोपा आणि पाय उंच करा.

झोपायला जागाच नसेल तर स्नायू आवळा. पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट करा. किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून हात बाहेरच्या बाजूला जोरात ओढा. आवळलेले स्नायू पायांतलं रक्त वर ढकलतात आणि दाब थोडा सावरतो. सुईची धास्ती असलेल्यांना मी हे खुर्चीत बसल्या बसल्या आधीच करून बघायला लावतो: १०-१५ सेकंद आवळायचं, अर्धा मिनिट सोडायचं, पुन्हा आवळायचं. ज्या हातात सुई असते तो मात्र सैल ठेवायचा.

दुसऱ्याला भोवळ आली तर सपाट झोपवा, पाय वर घ्या, गळ्याशी कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांची गरज नाही. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हातपाय काही सेकंद झटकले गेले म्हणजे फिटच आली असं नाही. शुद्ध आल्यावरही १०-१५ मिनिटं पडून राहू द्या, मग बसवा, मग उभं करा. घाई केली की तोच माणूस पुन्हा कोसळतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा डोक्याला मार बसला असेल, तर १०८ला फोन करा. श्वासच चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. पळताना किंवा व्यायाम करताना भोवळ आली, झोपलेल्या अवस्थेत आली, त्याआधी छाती धडधडली, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर ती साधी भोवळ समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. वयस्कांना उठता उठता घेरी येत असेल तर डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या दाखवायला सोबत न्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना झोपून आणि उभं करून, दोन्ही वेळा दाब मोजायला सांगा. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर त्यांना नेमका धागा मिळतो.